साथ करून जगणे

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



महाराष्ट्रापासून इतक्या दूर मराठी माध्यमाची शाळा साठ वर्षे चालवणे म्हणजे काय, हे येथे बसलेल्यांना मी सांगण्यासारखे काही नाही. उत्सवप्रसंगी संस्थेचे गुणगान करणे हे पाहुण्याचे पहिले कर्तव्य असते. परंतु बाईंनी पत्र पाठवून मला त्या कर्तव्यातून आधीच मुक्त केले. “संगीत शिकणाऱ्या मुलाने पुढे करायचे काय, एवढ्याच प्रश्नावर बोला. पालक तोच प्रश्न विचारतात आणि आमच्यापाशी उत्तर नसते,” असे त्यांनी लिहिले होते.

प्रश्न रास्त आहे. आपल्या घरांतून संगीताकडे दोनच दृष्टींनी पाहिले जाते. एक तर ते ‘अंगी असलेले बरे’ या सदरात मोडते, म्हणजे दहावीच्या वर्षी पेटी कपाटावर जाते आणि परत खाली येत नाही. नाही तर मूल मोठा गायक होणार, दूरदर्शनवर झळकणार, असे स्वप्न रचले जाते. छंद आणि कीर्ती या दोन टोकांच्या मध्ये एक विस्तीर्ण प्रदेश आहे, तेथे हजारो माणसे वाद्य वाजवून घरसंसार चालवतात, याची आपल्याला फारशी कल्पना नसते. मी आज त्या प्रदेशातील काही माणसांविषयी बोलणार आहे. ही माणसे स्टुडिओत बसून दुसऱ्याच्या गाण्याला साथ करतात. इंग्रजीत त्यांना ‘सेशन म्युझिशियन’ म्हणतात. आपला शब्द अधिक जुना आणि माझ्या मते अधिक सुंदर आहे : साथीदार. उस्ताद अहमदजान थिरकवांसारखा तबलानवाझ गंधर्व नाटक मंडळीत साथीला बसत असे, हे ज्या समाजाला ठाऊक आहे, त्या समाजाला साथीचे मोल वेगळे पटवून द्यावे लागू नये.

माझी उदाहरणे मात्र मी अमेरिकेतून, मुख्यतः टेनेसी राज्यातील नॅशव्हिल या शहरातून घेणार आहे. याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. तेथे वादकांची संघटना बळकट होती आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा करारपत्रक भरूनच मोबदला दिला जाई. त्या कागदांवर तारीख, स्टुडिओ आणि वादकांची नावे असत. त्यामुळे साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या एखाद्या गाण्यात पियानो कोणी वाजवला, हे आज बहुतेक वेळा खात्रीने सांगता येते. आपल्याकडे ही सोय नाही. त्याविषयी पुढे बोलेन.

नॅशव्हिल ही तिकडच्या ‘कंट्री’ संगीताची राजधानी. दक्षिणेकडील डोंगराळ भागातील, शेतमजुरांच्या आणि छोट्या गावांच्या गाण्यांतून हे संगीत वाढले. १९५५ साली ओवेन आणि हॅरॉल्ड ब्रॅडली या दोघा भावांनी तेथील सोळाव्या मार्गावर स्टुडिओ थाटला आणि दोनच वर्षांनी आरसीए कंपनीचा स्टुडिओ जवळच उभा राहिला. दिवसाची वाटणी ठरून गेली : सकाळी दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा. प्रत्येक सत्र तीन तासांचे आणि तेवढ्यात तीन-चार गाणी पुरी व्हायची. वादकांनी ती गाणी बहुधा आधी ऐकलेलीही नसत. एकदा ऐकायचे, खुणा करायच्या, दोन शब्द बोलायचे आणि वाजवायचे. चारही सत्रे करणारा वादक पहाटे एकला घरी पोहोचे आणि सकाळी दहाला दुसऱ्या गायकासमोर ताजातवाना बसलेला असे. अशा दहा-बारा विश्वासू वादकांच्या मेळाला लोक ‘ए टीम’ म्हणू लागले. याद्या चिकटवून हा संघ कोणी नेमलेला नव्हता. ज्यांच्यावाचून काम अडते, ती ही माणसे होती.

एवढ्या घाईत काम निभावण्यासाठी त्यांनी एक युक्ती योजली. आपल्या मुलांना ती चटकन कळेल, म्हणून जरा थांबून सांगतो. पाश्चात्य स्वरलिपीत स्वर ठरलेल्या पट्टीत लिहिलेले असतात. गायिकेचा आवाज आज बसला आहे, गाणे पांढरी एकऐवजी खालच्या पट्टीत घ्या, असे झाले की सगळा कागद नव्याने लिहिणे आले. ‘द जॉर्डनेअर्स’ या चौघांच्या गायकवृंदातील नील मॅथ्यूज यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस स्वरांच्या नावांऐवजी आकडे लिहिण्यास सुरुवात केली आणि चार्ली मॅकॉय यांच्यासारख्या वादकांनी ती पद्धत वाद्यांसाठी वाढवली. आधारस्वरावर उभा राहणारा स्वरमेळ तो १, चौथ्या स्वरावरचा ४, पाचव्यावरचा ५. पट्टी कोणतीही घ्या, कागद तोच. तुमच्या लक्षात आलेच असेल की हा आपला सरकता षड्जच आहे. आपल्या संगीतवर्गातील पाचवीची मुलगी ज्या सहजतेने काळी चारवरून काळी दोनवर येते, ती सहजता मिळवण्यासाठी तिकडच्या व्यावसायिकांना नवी लिपी काढावी लागली. सरगम पाठ करणे कंटाळवाणे वाटते, अशी तक्रार करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता माणसांकडे वळू. आरंभ एका विद्यार्थ्यापासूनच करतो. हार्गस रॉबिन्स यांचा जन्म १९३८ सालचा, टेनेसीतलाच. अगदी लहानपणी वडिलांच्या चाकूशी खेळताना डोळ्याला इजा झाली आणि त्यातून दोन्ही डोळे गेले. नॅशव्हिलच्या अंधशाळेत ते दाखल झाले. वयाच्या सातव्या वर्षापासून तेथे त्यांना पियानो शिकवला गेला. पण शिक्षण अभिजात संगीताचे होते आणि पोराला ओढ होती रेडिओवरच्या गाण्यांची. मग मनाई असलेल्या वेळी आग लागल्यास बाहेर पडण्याच्या वाटेने हळूच आत शिरायचे आणि हवे ते वाजवून पाहायचे, हा त्यांचा परिपाठ झाला. ती वाट धुळीने आणि काजळीने माखलेली. पोर बाहेर येई तेव्हा काळाकुट्ट झालेला असे, म्हणून त्याला ‘पिग’, म्हणजे डुक्कर, असे नाव पडले. पुढे जगभर ते त्याच नावाने ओळखले गेले आणि त्यांनीही ते आनंदाने मिरवले. १९५९ मध्ये जॉर्ज जोन्स यांच्या ‘व्हाइट लाइटनिंग’ या गाण्यातला त्यांचा पियानो गाजला आणि नंतर पुढची पाच दशके त्यांना काम शोधावे लागले नाही. क्रिस्टल गेल यांच्या १९७७ च्या सुप्रसिद्ध गाण्याची सुरुवात ज्या पियानोने होते, तो त्यांचा. गाणे गायिकेच्या नावाने ओळखले जाते, हे ठीकच आहे; परंतु त्या चार-सहा स्वरांवाचून ते गाणे कोणाला ओळखू येईल काय, असा प्रश्न मला पडतो. कंट्री संगीताच्या सन्मान-दालनात त्यांचे नाव लागले २०१२ साली, म्हणजे वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी.

हॅरॉल्ड ब्रॅडली यांचे आयुष्य निराळ्या वळणाचे. स्टुडिओत बहुधा तीन गिटारवादक असत. ग्रेडी मार्टिन आणि हँक गारलँड या दोघांच्या वाट्याला उठून दिसणारे तुकडे येत. ब्रॅडली ताल धरीत, किंवा सहा तारांची खर्जातली गिटार दाबून वाजवीत, जेणेकरून मोठ्या बासचा स्वर टोकदार ऐकू यावा. हे काम असे की ते असताना कोणाच्या लक्षात येत नाही आणि नसताना गाणे पोकळ वाटते. पॅट्सी क्लाइन यांचे ‘क्रेझी’ हे गाणे १९६१ च्या ऑगस्टमध्ये ध्वनिमुद्रित झाले, त्यात हे वादन आहे. त्या गाण्याची हकिगत अशी की, मोटार अपघातातून गायिका नुकत्याच बऱ्या होत होत्या आणि फासळ्यांच्या दुखण्यामुळे वरचे स्वर लागेनात. शेवटी वादकांचे काम त्या दिवशी पुरे करण्यात आले आणि गायिकेने काही दिवसांनी येऊन त्यावर आवाज भरला. आज ही गोष्ट रोजची आहे. तेव्हा तशी नव्हती. गायिका समोर नसतानाही तिच्यासाठी जागा मोकळी ठेवून वाजवणे म्हणजे काय, हे ते गाणे ऐकताना समजते. याच ब्रॅडलींनी १९९१ पासून सतरा वर्षे नॅशव्हिलच्या वादक-संघटनेचे अध्यक्षपद सांभाळले आणि इतरांच्या मोबदल्यासाठी, निवृत्तिवेतनासाठी भांडण्यात उत्तरायुष्य घालवले. सर्वाधिक ध्वनिमुद्रणांत वाजवलेला गिटारवादक, असा त्यांचा लौकिक सांगितला जातो. आकड्यांच्या वादात मी पडत नाही.

हँक गारलँड यांच्याविषयी बोलताना पालकांपासून काही लपवून ठेवणे मला योग्य वाटत नाही. या सर्वांत बोटांनी सर्वांत वेगवान तेच होते. कंट्री गाण्यांवर पोट भरत असताना त्यांनी जाझमध्येही पाऊल टाकले आणि सतरा वर्षांच्या गॅरी बर्टन या मुलाला सोबत घेऊन एक अप्रतिम ध्वनिमुद्रिका काढली. ती १९६१ मध्ये बाजारात आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांच्या मोटारीला भीषण अपघात झाला. जीव वाचला, वादन पहिल्यापासून शिकावे लागले आणि स्टुडिओचा दरवाजा कायमचा बंद झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे तीस होते. त्यानंतर ते चार दशकांहून अधिक काळ जगले. ज्याचे सारे उत्पन्न दहा बोटांवर अवलंबून आहे, त्याच्या पायाखालची जमीन किती पातळ असते, हे या एका उदाहरणावरून कळावे. मुलाला वाद्यावर सोडणार असाल तर विमा आणि बचत यांचा हिशेब पहिल्या कमाईपासून मांडा, हे मी संगीतप्रेमी म्हणून नव्हे, वडीलधारा म्हणून सांगतो.

काहींच्या बाबतीत अपघातानेच भाग्य उघडले. ग्रेडी मार्टिन मार्टी रॉबिन्स यांच्या एका गाण्यात वाजवत असताना ध्वनिमिश्रणाच्या यंत्रातला एक भाग बिघडला आणि वाद्याचा आवाज चिरका, फाटका असा येऊ लागला. तो तुकडा तसाच ठेवायचे ठरले. गाणे लोकप्रिय झाले आणि लोक विचारू लागले, हा आवाज काढता कसा? स्टुडिओतील अभियंता ग्लेन स्नॉडी यांनी तसाच आवाज काढणारे छोटे उपकरण तयार केले आणि १९६२ मध्ये ते विक्रीस आले. पुढे रॉक संगीताचा अर्धा डोलारा त्या फाटक्या आवाजावर उभा राहिला! मार्टिन मात्र आपल्या जागी शांतपणे पुढची सत्रे करीत राहिले आणि वय झाल्यावर विली नेल्सन यांच्या ताफ्यात दाखल होऊन गावोगाव हिंडले.

पीट ड्रेक यांचे वाद्य पेडल स्टील गिटार. ही आडवी ठेवून, तारांवर धातूची कांडी सरकवून वाजवतात. मूळ वाद्य हवाई बेटांचे. हजारा सिंग आणि व्हॅन शिप्ले यांनी वाजवलेल्या हिंदी चित्रपटगीतांच्या धुना ज्यांनी रेडिओवर ऐकल्या आहेत, त्यांना तो मींडयुक्त स्वर परका वाटणार नाही. १९७० मध्ये जॉर्ज हॅरिसन यांनी ड्रेकना लंडनला बोलावले. तेथे रिंगो स्टार यांची गाठ पडली आणि काही दिवसांतच रिंगो नॅशव्हिलला येऊन ड्रेक यांच्या देखरेखीखाली कंट्री गाण्यांची ध्वनिमुद्रिका करते झाले. सन्मान-दालनात नाव लागले २०२२ साली. ड्रेक १९८८ मध्येच निवर्तले होते.

लोकसंगीताच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या कॉफीगृहांतून बहरलेल्या ‘फोक’ चळवळीच्या आणि नॅशव्हिलच्या दरम्यानचा पूल चार्ली मॅकॉय यांनी बांधला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. १९६५ मध्ये न्यूयॉर्कला गेले असता ते बॉब डिलन यांच्या ध्वनिमुद्रणाला सहज डोकावले आणि हाती गिटार देण्यात आली. त्यांचे वादन डिलनना इतके भावले की, पुढच्या वर्षी ते स्वतःच नॅशव्हिलला आले. मग मोठी गंमत झाली. घड्याळाच्या काट्यावर चालणाऱ्या या वादकांना संध्याकाळी बोलावले आणि कवी महाशय गाणे लिहीत बसले! वादक पत्ते खेळत, डुलक्या घेत थांबले. पहाटे चारच्या सुमारास गाणे तयार झाले. दोन-तीन मिनिटांच्या गाण्यांची सवय असलेले वादक प्रत्येक कडव्यानंतर आता संपेल म्हणून आवाज चढवीत होते आणि गाणे अकरा मिनिटांहून अधिक चालले. कोणीही चुकले नाही. पहाटे चार वाजता, अनोळखी गाण्यात, कोठे थांबायचे हे ठाऊक नसताना न चुकणे, याला मी विद्वत्ता म्हणतो.

फोक संगीताच्या बाजूचे माझे आवडते साथीदार ब्रूस लँगहॉर्न. लहानपणी फटाका हातात फुटून उजव्या हाताच्या काही बोटांची पेरे गेली. तोपर्यंत मुलगा व्हायोलिन शिकत होता, ते सुटले. पुढे त्यांनी गिटार हाती घेतली आणि उरलेल्या बोटांना झेपेल अशी, गायकाच्या शब्दांना प्रतिसाद देणारी विरळ वादनशैली स्वतःच घडवली. ओडेटा आणि डिलन यांच्या साथीला ते बसत. ते एक मोठा डफही वाजवीत. डिलन यांच्या खंजिरीवाल्या माणसाच्या प्रसिद्ध गाण्यामागची प्रेरणा तो डफच होय. नंतर त्यांनी चित्रपटाला पार्श्वसंगीत दिले, काही काळ हवाई बेटांवर शेती केली आणि उतारवयात तिखट चटणीचा व्यवसाय काढला. आपल्याकडे अशा माणसाला ‘काही धड केले नाही’ असे म्हणतील. मला त्यांचा हेवा वाटतो.

आणखी एक जोडी सांगतो. एरिक वाइसबर्ग आणि मार्शल ब्रिकमन हे दोघे तरुणपणी एकत्र बॅंजो वाजवीत. वाइसबर्ग जुलियर्डसारख्या नामांकित संस्थेत शिकलेले. १९७२ च्या एका चित्रपटातील त्यांची बॅंजोची धून पुढच्या वर्षी अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचली. तरीही ते आयुष्यभर मुख्यतः इतरांसाठीच वाजवत राहिले. ब्रिकमन लेखनाकडे वळले आणि वूडी ॲलन यांच्यासह लिहिलेल्या ‘ॲनी हॉल’च्या पटकथेसाठी त्यांना ऑस्कर मिळाले. एकाच सतरंजीवर बसलेल्या दोघांच्या वाटा अशा फुटल्या.

साथीच्या बैठकीतून उठून थेट रंगमंचाच्या मध्यभागी गेलेलेही आहेत. लॉस एंजेलिसमध्ये वर्षानुवर्षे इतरांच्या गाण्यांत गिटार वाजवणारे ग्लेन कॅम्पबेल १९६७-६८ मध्ये एकाएकी देशाचे लाडके गायक झाले. त्यांच्या ‘विचिटा लाइनमन’ या गाण्यात बास वाजवला कॅरोल के यांनी. घरच्या ओढगस्तीमुळे या बाईंनी किशोरवयातच गिटारच्या शिकवण्या सुरू केल्या होत्या. एकदा बासवादक आला नाही म्हणून ते वाद्य त्यांच्या हाती आले आणि तेच त्यांचे झाले. पुढे त्यांनी बास शिकवणारी पुस्तके लिहिली. येथील मुलींपैकी कोणी तबला शिकत असेल आणि ‘हे काय मुलींचे वाद्य?’ असे घरी ऐकून घेत असेल, तर तिने हे नाव लिहून ठेवावे.

आपल्याकडची नोंद अपुरी आहे, असे मी म्हणालो. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत दशकानुदशके गोव्याचे वादक साथीला होते. पोर्तुगीज काळात चर्चच्या संगीतशाळांतून ते स्वरलेखन शिकले आणि ती विद्या घेऊन मुंबईत आले. संगीतकाराने गुणगुणलेली चाल शंभर वाद्यांसाठी कागदावर उतरवणारे सॅबॅस्टियन डिसोझा त्यांतलेच. अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन वाजवीत आणि शिकवीत. प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९७७ च्या एका चित्रपटात त्यांचे नाव गाण्यात आले आणि सगळा देश ते नाव गाऊ लागला. पण या नावाचा खरा माणूस होता, हे गाणाऱ्यांपैकी शंभरात एकाला तरी ठाऊक होते काय? त्यांच्या पंगतीत बसणाऱ्या इतरांची तर नावेही तबकडीच्या वेष्टनावर आली नाहीत. आता तर वेष्टनच उरलेले नाही. मोबाइलवर गाणे ऐकताना गायकाच्या पुढे दृष्टी जात नाही.

आणि उद्याचे काय, हा प्रश्न मला चहाच्या वेळी एका पालकांनी विचारलाच. ढोलकाचे काम यंत्र करू लागून चार दशके होत आली. आज वादक घरी बसून आपला तुकडा मुद्रित करतो आणि परगावी पाठवून देतो. समोर गायक नाही, शेजारी दुसरा वादक नाही. त्यामुळे लहान गावातल्या मुलालाही काम मिळू शकते, ही जमेची बाजू आहे. दिवसाला चार सत्रे मात्र आता कोणाला मिळत नाहीत. जो केवळ एकच वाद्य, एकाच तऱ्हेने वाजवतो त्याचे कठीण आहे. मॅकॉय माउथ ऑर्गन, गिटार, बास, ट्रंपेट, जे लागेल ते वाजवीत आणि दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमाचे संगीत-संचालनही करीत. शिकवणे, स्वरलेखन करणे, ध्वनिमुद्रणाचे तंत्र जाणणे, संघटनेचे काम पाहणे ही सारी याच व्यवसायाची अंगे आहेत. तेव्हा मुलाला वाद्याबरोबर ऐकायला शिकवा. वर्गातला दुसरा मुलगा गात असताना त्याच्या मागे, त्याच्या पट्टीत, त्याच्याहून हळू वाजवण्याचा सराव आठवड्यातून दोनदा जरी झाला, तरी पुष्कळ आहे.

त्यासाठी बाईंना एक विनंती आहे. आपल्या शाळेची संगीताची खोली तास संपताच कुलूपबंद होते, असे मला मघाशी दोन मुलांनी सांगितले. त्यांची नावे मी सांगणार नाही. शाळा सुटल्यावर अर्धा-पाऊण तास ती खोली उघडी राहील, अशी काही व्यवस्था करता आली तर पाहावी. या इमारतीला आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट आहे की नाही, मला कल्पना नाही. पण असलीच, तर मुलांना ती सापडायला वेळ लागणार नाही.

माझी वेळ संपली आहे. कोणाला काही विचारायचे असल्यास मी अर्धा तास येथेच आहे.